श्रीकांतदादांचा मुहूर्ताचा सौदा

बाजार उघडेपर्यंत श्रीकांतदादा तोंडात काही घालत नसत. चहासुद्धा नाही. बाजार म्हणजे भाजीचा नव्हे, अ‍ॅमस्टरडॅमचा शेअर बाजार. तो सकाळी नऊला उघडतो. दादा ज्या दिवशी घरून काम करत त्या दिवशी मी त्यांच्या ओट्याशी कणीक मळत असायचे आणि ते जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून, खांद्यावर शाल घेऊन बसलेले असायचे. एक लॅपटॉप ऑफिसचा, एक घरचा. नऊ वाजले की जरा वेळ सगळं शांत. मग हाक यायची, "शालनवहिनी, साखर!" नाहीतर, "शालनवहिनी, ठेचा!"

साखर म्हणजे आकडा वर गेला. मग पहिली पोळी तूपसाखर लावून, सुरळी करून द्यायची. ठेचा म्हणजे आकडा खाली. त्या दिवशी पोळीवर मिरचीचा ठेचा, आणि तो खाताना डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायचे, "बाजारासाठी रडतोय असं समजू नका हं, हे मिरचीचं आहे." मला पडद्यावरच्या रेघा कधी कळल्या नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले, तेही शेतातली कामं सांभाळून. पण या देशाचा बाजार आज कसा उघडला, हे मला तव्यापाशी उभ्या उभ्या कळायचं.

त्यांची मुलगी ईरा शाळेचं दप्तर भरता भरता म्हणायची, "बाबा, डू नॉर्माल!" इथले लोक पोरांना असंच दटावतात, नीट वाग म्हणून. त्या घरात पोरगी बापाला दटावायची. दादा मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरोबर जमायचं. मेधावहिनी, म्हणजे दादांच्या बायको, तोवर ब्रेडा नावाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीत बसलेल्या असायच्या. तिथे एका माल पाठवणाऱ्या कंपनीत त्यांची नोकरी होती. त्यांना शेअरचं बोलणं आवडत नसे. दादांच्या कौतुकाला ऐकणारं माणूस म्हणजे मी आणि तवा.

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर पहिली आठवली ती ही हाक. खरं तर राग आधी आठवायला हवा होता.

माझे यजमान युट्रेख्टला कालव्याकाठच्या एका हिंदुस्थानी हॉटेलात आचारी. त्यांच्यामागे मी आले. मला ना इंग्रजी, ना डच, आणि मराठीतसुद्धा मी चार माणसांत बोलत नाही. दादा एकदा त्या हॉटेलात जेवायला आले आणि नान परत पाठवून म्हणाले, "साधी पोळी मिळेल का हो कुठे या देशात?" यजमान म्हणाले, "आमच्या घरी मिळते." तिथून माझं काम सुरू झालं. दादांच्या शब्दावर त्यांच्याच वसाहतीतली आणखी तीन मराठी घरं मिळाली. सगळे संगणकवाले, नवराबायको दोघं कामाला. लोकांनी मला घराच्या चाव्या दिल्या. मी आत जायचे, पोळीभाजी करून ओटा पुसून बाहेर. कोणाचं भांडण कानावर पडलं, कोणाची नोकरी जाणार असं ऐकलं, कोणाची सासू फोनवर रडताना ऐकली, तरी एका घरातलं दुसऱ्या घरात कधी नेलं नाही. "शालनताईंच्या समोर काहीही बोला, भिंतच आहे ती," असं एक बाई माझ्यासमोरच म्हणाली होती. मला त्याचा राग आला नाही. परक्या गावात माझी तेवढीच किंमत होती आणि ती मला पुरत होती.

सुरुवातीला मी दादांना साहेब म्हणत असे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते ओट्याशी आले, लाटणं उचललं आणि म्हणाले, "आता पुन्हा साहेब म्हणालात तर पोळ्या मी लाटीन आणि तुम्हाला खाव्या लागतील." तेव्हापासून दादा.

त्यांचा नियमावर फार जीव. सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल लाल असेल तर सायकलवरून उतरून उभे राहायचे. सुपरमार्केटात आपलं आपण बिल करायचं मशीन असतं. एकदा घरी आल्यावर पिशवीत कोथिंबिरीची जुडी निघाली, तिचे पैसे मशीनला लागलेच नव्हते. मेधावहिनी म्हणाल्या, "जाऊ दे रे, एक जुडी आहे." दादा तशा वाऱ्यात सायकल काढून परत गेले आणि पैसे भरून आले. आल्यावर ओल्या केसांनी मला म्हणाले, "वहिनी, परदेशात आपण एकटे नसतो. आपण चोरी केली तर सगळा महाराष्ट्र चोर." मी ते यजमानांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "देवमाणूस आहे."

दुसरी एक खोड होती, ती मला तेव्हा गमतीची वाटायची. नफा झाला की दादा म्हणायचे, "आपण कमावले." तोटा झाला की म्हणायचे, "बाजाराने ठेवून घेतले." आपण गमावले, असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

देवमाणूस म्हणायला तसं कारणही होतं. कोथिंबिरीच्या त्या प्रसंगाच्या आदल्या हिवाळ्यात हॉटेलच्या कढईतलं तेल यजमानांच्या उजव्या हातावर उडालं. हाताची कातडी सोलवटली. इथे आधी घरच्या डॉक्टरला, हाउसआर्ट्सला, फोन करावा लागतो, आणि फोनवरची बाई काहीही झालं तरी एकच औषध सांगते, पॅरासिटामॉल घ्या, उद्या बघू. यजमानांना ती काय बोलते तेही कळेना. मी दादांना फोन केला. माझ्या तोंडून नुसतं "दादा, हात" एवढंच निघालं. ते ऑफिसातून निघून, गाडी पकडून, स्टेशनवरून सायकल मारत आमच्या घरी आले. आमच्या त्या एका खोलीत उभे राहून त्यांनी त्या बाईला डचमध्ये असं काही झापलं की शेजारचा मोरोक्कन म्हातारा दार उघडून बघायला आला. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. परत येताना यजमानांनी विचारलं, "काय बोललात हो तिला?"

"म्हटलं, बाई, हा माणूस स्वयंपाकी आहे. त्याचा हात वाचला नाही तर तुमच्या देशाला पुन्हा उकडलेले बटाटे खावे लागतील."

वेदनेत होते तरी यजमान हसले. हात बरा झाला, बोटं सगळी वळू लागली. त्यानंतर आमच्या घरात येणारा प्रत्येक डच कागद दादा वाचून दाखवू लागले. पालिकेचा, विम्याचा, घरमालकाचा, परवान्याचा. आमच्या ओळखपत्रांच्या नकला त्यांच्याकडे, बँकेचं त्यांनीच करून दिलेलं. आम्ही फक्त सही करायचो. दादांना सही कशावर करायची हे विचारणं म्हणजे आईला भातात काय घातलंस विचारण्यासारखं होतं.

शेअर बाजाराचा आकडा म्हणजे नक्की काय, हे मी एकदाच धीर करून विचारलं. त्यांना फार आनंद झाला. खुर्ची ओढून ओट्याजवळ बसले.

"असं बघा, लग्नाचा मांडव आहे. पुढच्या रांगेत पंचवीस खुर्च्या. त्यावर गावातले सगळ्यात मोठे पंचवीस पाहुणे. आज या पंचवीस जणांचा चेहरा कसा आहे, हसरा का पडलेला, ते सगळं मिळून एक आकडा. तो अ‍ॅमस्टरडॅमचा आकडा."

"आणि बाकीचे लोक?"

"मागे सतरंजीवर. पण मधूनमधून खुर्च्या बदलतात. कोणी गरीब झाला तर उठवतात, मागचा एखादा श्रीमंत झाला तर त्याला पुढे बसवतात. आता गंमत ऐका. नवा पाहुणा पुढच्या रांगेत बसला की त्याला आहेर करावाच लागतो. का? तर लोकांच्या पेन्शनचे मोठमोठे फंड आहेत, त्यांनी शपथ घेतलीये की पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाचे शेअर आपल्याकडे असणार. मग सगळे एकाच दिवशी त्याच्याकडे धावतात आणि त्याचा भाव चढतो."

"मग आधी कळलं तर बरं," मी म्हटलं. सहज म्हटलं. आहेराची यादी आधी कळली तर माणूस स्वस्तात साडी घेऊन ठेवतो, तसं.

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही चौथीत का थांबलात हो?"

त्यांचं ऑफिस झुइडासला, अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या काचेच्या मनोऱ्यांत. असाच एक मोठा फंड सांभाळणारी कंपनी. कोणत्या नव्या पाहुण्याला आपला फंड किती आहेर करणार, त्याचा हिशोब मांडणारे संगणक दादांच्या हाताखाली होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला ते संगणकात काम करतात एवढंच माहीत होतं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांच्या घरी मुहूर्ताचा सौदा असे. मुंबईच्या बाजारात त्या संध्याकाळी थोडा वेळ मुहूर्त म्हणून खरेदी करतात. मुंबईत संध्याकाळ झाली की इथे दुपार असते आणि इथला बाजार उघडाच असतो. दादा सुट्टी घ्यायचे. चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, बत्तासे, केरसुणी, आणि मधोमध घरचा लॅपटॉप, त्याच्या झाकणाला हळदकुंकू. ओळखीची दोन-चार माणसं जमायची. पहिल्याच वर्षी दादांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं.

"वहिनी, भवानी तुम्ही करायची."

मी मागे सरले. माझ्या हाताला करंजीचं पीठ. म्हटलं, "दादा, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कशाला हवं? हातगुण लागतो. तुमच्या हातची पोळी खाऊन मी कधी तोट्यात गेलो नाही."

मेधावहिनी म्हणाल्या, "ठेचा खातोस तेव्हा काय नफ्यात असतोस का?" सगळे हसले. दादांनी पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली आणि मी पिठाच्या बोटाने ते बटण दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जन्मात कधी टाळ्या घेतल्या नव्हत्या. आत येऊन करंज्या तळताना मला फार बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

पुढल्या दिवाळीच्या आधी दादा म्हणाले, "तुमच्या बोटाने घेतो, मग तुमच्याच नावाने का नको? शकुनाचं एक छोटं खातं काढू. दिवाळीला त्यात एक शेअर टाकायचा. म्हातारपणी काठीला पैसे होतील." कागद त्यांच्याकडे होतेच. मी सही केली. यजमानांनी त्यांना वाकून नमस्कार केला, दादांनी त्यांना उठवून मिठी मारली. त्यानंतर दर दिवाळीला मी बटण दाबत गेले. वसाहतीत माझ्या हातगुणाचं नाव झालं. एका बाईने नवी गाडी घेतली तर पहिल्यांदा किल्ली फिरवायला मला बोलावलं.

इंग्लंडने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं तो दिवस मला आठवतो. शुक्रवार होता. दादा घरी. नऊ वाजले आणि हाक आली, "ठेचा! डबाच आणा!" पडदा सगळा लाल. त्यांचे फोन सारखे वाजत होते, लोक घाबरलेले. दादा मात्र मांडी घालून ठेचा खात म्हणाले, "मी माझं सगळं आधीच विकलंय वहिनी. ऑफिसवाल्याला जपून राहावं लागतं. नियम आहेत." मी मनात म्हटलं, केवढा धीराचा माणूस. त्या घरच्या लॅपटॉपवर त्या क्षणी जे बुडत होतं त्याला माझं नाव होतं, हे मला पुढे कळलं.

कारण त्यांच्या ऑफिसचा नियम खरोखरच कडक होता. तिथल्या माणसाने स्वतःसाठी शेअर घ्यायचे तर आधी विचारायचं, घेतले की लगेच विकायचे नाहीत, आणि ज्या कंपनीचं काम हाताखाली चाललंय तिला तर शिवायचंही नाही. लाल सिग्नलला उतरून उभा राहणारा माणूस. माझं खातं निघाल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाने एकही शेअर घेतला नाही. माझ्या शकुनाच्या खात्यातून वर्षभर घेतले आणि विकले. पुढच्या रांगेत कोण येणार, आपला फंड किती घेणार, हे ऑफिसात कळलं की आदल्या आठवड्यात शालन नावाची एक बाई ती कंपनी घ्यायची. आणि सगळे धावत आले की विकायची. अशी बाई हॉलंडात आहे हे शेवटी कोणाच्या तरी ध्यानात आलंच.

एका रविवारी दुपारी दादा आणि मेधावहिनी आमच्या घरी आले. मेधावहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या. खोलीत बसायला पलंगच. मी शिरा केला. दादांनी बशी हातात घेऊन सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, मांडवाची गोष्ट सांगितली होती तसंच.

"ऑफिसचे लोक तुम्हाला बोलावतील. सक्ती नाही, पण गेलात तर माझ्यावर उपकार होतील. फक्त म्हणायचं, खातं माझं, खरेदी माझी. त्यात खोटं कुठे आहे? नाव तुमचंच आहे. तुम्हाला कोणी काही करणार नाही. तुम्ही त्यांच्या नोकरीत नाही."

"आणि आमचा इथे राहायचा परवाना?" यजमानांनी विचारलं.

"त्याच्याशी काही संबंध नाही. माझं मात्र सगळं जाईल. नोकरी, घर, ईराची शाळा."

मेधावहिनी माझा हात धरून रडल्या. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. यजमानांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, तळव्यापासून मनगटापर्यंत अजून चकचकीत डाग आहे, आणि म्हणाले, "शालन, जा तू."

मी हो म्हटलं. कोणी मला जबरदस्ती केली नाही. चार घरांतले लोक मला काय म्हणतील याची भीती होती, माझ्याकडे त्या चाव्यांशिवाय काय होतं? तरी हो म्हटलं. दादांनी शिरा संपवला आणि आणखी मागून घेतला.

बोलावणं आलं तसे आम्ही दादांच्या ऑफिसच्या मनोऱ्यात गेलो; यजमान खाली थांबले, मला वर नेलं. काचेची खोली. चौकशी करणारी, पिकल्या केसांची एक उंच डच बाई, तिच्याशेजारी लिहून घेणारा एक माणूस, आणि दुभाषी म्हणून हेगहून आलेली एक बाई. तिचे पूर्वज कधीकाळी बिहारातून सुरिनामला उसाच्या कामाला गेलेले. तिची हिंदी जुन्या वळणाची, गोड. माझी हिंदी अशीतशीच, पण आमचं जमलं. तिने मला पाणी दिलं.

डच बाईने विचारलं, खातं तुमच्या नावावर आहे, ठाऊक आहे? मी मान हलवली. पुढचा प्रश्न येणार आणि मी "मीच घ्यायचे" म्हणणार, हे मी गाडीत यजमानांसमोर म्हणून बघितलं होतं. पण दुभाषी म्हणाली, "थांबा बहिनजी. या बाईंचं म्हणणं आहे, तुमच्याबद्दल इथे काय सांगितलं गेलंय ते तुम्हाला आधी कळायला हवं. मग बोला."

आणि तिने सांगितलं. श्रीकांतदादा याच खोलीत बसून म्हणाले होते, की आमच्याकडे पोळ्या करणारी बाई माझं फोनवरचं बोलणं ऐकायची. मी आंघोळीला गेलो की लॅपटॉप उघडा असायचा. पासवर्ड तिने माझ्या खांद्यावरून बघितला. शिकलेली नाही असं ती दाखवते, पण आत हिशोब पक्का आहे. बाकीच्या घरांतही ती कान देऊन असते. मी तिला बहीण मानलं, तिने मला फसवलं.

दुभाषी हळू बोलत होती, तिलाच संकोच वाटत होता. मी विचारलं, "हे ते कधी म्हणाले?"

तिने डच बाईला विचारलं. उत्तर आलं, फेब्रुवारीत.

आमच्याकडे ते आले तो मार्च होता. म्हणजे पलंगावर बसून शिरा खात होते तेव्हा हे सगळं सांगून झालेलं होतं. मी त्यांच्यासाठी खोटं बोलायला तयार होऊन आले होते. एवढं ओझं मी उचललं असतं, खरंच उचललं असतं. माझ्यावर तेवढाही विश्वास नव्हता त्यांचा. मला त्यांनी मागितलं असतं ते मी दिलं असतं, पण त्यांनी आधीच काढून घेतलं होतं. वरून पुन्हा घरी येऊन मागितलं ते कशासाठी, तर त्यांच्या खोट्याला माझ्या तोंडचा होकार मिळावा म्हणून.

"खरेदी कोण करायचं?" डच बाईने विचारलं.

मी म्हटलं, "दिवाळीची माझी. बोट माझं, जागा ते दाखवायचे. बाकीचं मला माहीत नाही."

तिचा विश्वास बसला नसावा. तिने एक लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, यावर शेअर कसा घेतात ते दाखवा. मी पडद्याकडे बघत बसले. सगळी डच अक्षरं, आकडे, रेघा. बटण कुठे असतं ते मला सापडेना. मी उगाच एका जागी बोट नेलं, तर भलतंच काही उघडलं. तो लिहून घेणारा माणूस खाली बघू लागला. मला तोपर्यंत माझ्या अडाणीपणाची लाज वाटायची. त्या दिवशी तोच मला पुरावा म्हणून चार माणसांत काढून दाखवावा लागला, आणि तो मला दादांनी दाखवायला लावला. दुभाषीने लॅपटॉप मिटला. म्हणाली, "बस बहिनजी, झालं."

खाली आल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. गाडीत ते उजवा हात खिशात घालून बसले होते.

संध्याकाळी दादांचा फोन आला. "काय सांगितलंत?"

"जे होतं ते."

ते मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय फरक पडला असता हो?"

आयुष्यात मी कोणाला उलट विचारलं नव्हतं. विचारलं, "तुम्ही फेब्रुवारीत काय सांगितलंत, दादा?"

"ते होय? अहो, ते वकील सांगतो तसं बोलायचं असतं. ऑफिसची भाषा असते ती. तुम्ही मनावर कशाला घेता? तुम्ही घरच्या."

मी फोन ठेवला. घरच्या, हा शब्द त्यांनी इतक्या सहज म्हटला की त्यांना तो खराच वाटत असणार. मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्यांची नोकरी गेली, पण गाजावाजा झाला नाही. परस्पर समजुतीने सोडली असं लोकांत सांगितलं. मला कोणी शिक्षा केली नाही, खातं बंद झालं, परवान्याला धक्का लागला नाही. तेवढं ते खरं बोलले होते. पण वसाहतीत नोकरी का गेली याचं उत्तर लोकांना द्यावंच लागतं, आणि दादांकडे फेब्रुवारीतलंच उत्तर तयार होतं. बाजाराने ठेवून घेतले, तसं या वेळी शालनने ठेवून घेतलं.

मला कोणी तोंडावर काही बोललं नाही. तसे लोक सभ्य आहेत. फक्त मी दार उघडून आत गेले की बोलणं थांबायचं. ज्या बाईने मला भिंत म्हटलं होतं ती जानेवारीच्या थंडीत स्वेटर न घालता बाल्कनीत जाऊन फोनवर बोलू लागली. काच लावून घ्यायची. तिचे ओठ हलताना दिसायचे. दुसऱ्या घरात मी आले की टेबलावरचा लॅपटॉप मिटायचा. मग एकेक जण म्हणू लागलं, आता तयार पोळ्या मिळतात हो ताई दुकानात, बऱ्या असतात. चाव्या मी स्वतःच पुसून, रुमालात बांधून नेऊन दिल्या. एका घराने मात्र ठेवलं. ते कोणतं ते लिहीत नाही.

दादांना त्यानंतर मी एकदाच पाहिलं. युट्रेख्टच्या स्टेशनवर. आता त्यांना आइंडहोवनला काम लागलंय असं ऐकलं होतं, तिकडच्या गाडीच्या फलाटावर ते उभे होते. केस विरळ झाले होते, खांद्याला तीच पिशवी. कानाला फोन लावून मराठीत कोणाला तरी सांगत होते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कोणता डॉक्टर, किती दिवस विश्रांती, पुण्याला कोण जाणार. साधं घरचं बोलणं. मी जवळून जात होते. आमची नजर भेटली. माझे हात सवयीने जोडले जाणार होते.

दादांनी बोलणं अर्धवट थांबवलं. मी लोकांच्या घरांत वर्षभर जे बघत आले होते तसंच, त्यांनी तोंडावर हात आडवा धरला आणि आवाज एकदम खाली आणला. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. त्या डोळ्यांत ओळख होती, लाज नव्हती. मी ऐकत असेन, एवढीच धास्ती होती. मग ते फलाटावरून पुढे चालत गेले, छप्पर संपतं तिथपर्यंत, त्याच्याही पुढे, आणि पावसात भिजत, माझ्याकडे पाठ करून, आईच्या गुडघ्याबद्दल हळू आवाजात बोलत राहिले.